नाकाचं काम संध्याकाळीच उरक

अगं, दिवसभर ज्या नाकाची आठवणसुद्धा येत नाही, ते दिवा मालवला की बोलायला लागतं. श्वास घेताना बारीक शिट्टी, सोडताना घुरघुर, आवंढा गिळला की कानात कट्ट. तू म्हणालीस, “ताई, दुखत काही नाही गं, पण तो आवाज ऐकत मी जागीच राहते.” लोकांना हे किरकोळ वाटतं. मला नाही वाटत, कारण दर पावसाळ्यात माझंही नाक असंच चोंदतं. म्हणून आज सगळं नीट सांगते. त्यातली एक गोष्ट मनात पक्की धर: नाकाचं जे काही करायचं ते झोपायच्या तासभर आधी करायचं. एकदा आडवी झालीस की नाकाशी झटापट बंद.

आवाज कशाचा ते कळलं की निम्मी धास्ती जाते. कपाळात, गालांच्या हाडांत, डोळ्यांच्या मधे आणि त्याहून आत अशा सायनसच्या चार जोड्या असतात. त्यांचं अस्तर सतत चिकट द्राव तयार करतं आणि त्यावरचे सूक्ष्म तंतू तो घशाकडे ढकलत राहतात. गालातल्या सायनसचं तोंड तळाशी नसतं, वर असतं. त्यामुळे द्रावाला चढून बाहेर पडावं लागतं, आणि अस्तर जरा सुजलं की वाट अडते. त्यात आडवं झालं की नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात, जागा आणखी अरुंद होते आणि तिथून जाणारी हवा शिट्टी वाजवते. कानातलं कट्ट मात्र वेगळं. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते. गिळताना, जांभई देताना ती उघडते. सुजेने तिचं तोंड चिकटलेलं असलं की उघडताना आवाज होतो.

आणखी एक. रात्री एक नाकपुडी बंद झाली की तू घाबरून उठून बसतेस ना? दोन्ही नाकपुड्या बहुतेक वेळा सारख्या मोकळ्या नसतातच. दर काही तासांनी त्यांची पाळी बदलते. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे १८९५ मध्येच नोंदवून ठेवलंय. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी चोंदते, तेही बहुतेकांना होतं. तेव्हा शांतपणे कूस बदल, एवढंच.

आता संध्याकाळचं काम. सगळ्यात गुणाचं म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, आपली जलनेती. लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या ठिकाणी ती नीट शिकवतात. एक कप, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चहाचा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाल. औषधाच्या दुकानात याची तयार पुडी मिळते, ती आणलीस तर मापाचा प्रश्नच नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र माझं ऐकच. नळाचं पाणी थेट नाकात घालायचं नाही, फिल्टरचंही नाही. किमान एक मिनिट खळखळ उकळून निववलेलंच हवं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानात नेतीपात्रात नळाचं पाणी वापरणारी दोन माणसं मेंदूत अमीबा शिरून दगावली. असं क्वचितच घडतं, पण पाणी उकळायला कितीसा वेळ लागतो? धुऊन झालं की पुढे वाक, पाणी निथळू दे आणि एकेक नाकपुडी हलकेच शिंकर. जोर लावलास तर पाणी कानात जाईल. कान ठणकत असेल त्या दिवशी नेती नको.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचा फवारा दिला असेल तर तो नेतीनंतर मार. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, उजवीत डाव्या हाताने आणि टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं. त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात, म्हणून दोन रात्रींत कंटाळून सोडू नकोस.

वाफारा घ्यायचा तर जरूर घे, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. भांडं मात्र टेबलावर स्थिर ठेव, पलंगावर मांडीत घेऊ नकोस, आणि मुलांना जवळ येऊ देऊ नकोस. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून हुंगलीस तरी चालेल. बाममधल्या मेन्थॉलने नाक गार आणि मोकळं वाटतं, पण सूज उतरत नाही. तो विसाव्यापुरता ठेव.

नाक झटकन उघडणाऱ्या थेंबांपासून मात्र जपून. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असं बाटलीवर लिहिलेलं असतं. तीन ते पाच दिवसांच्या पुढे ते घातले की त्यांचा अंमल उतरताच सूज उलटून येते, पुन्हा थेंब लागतात आणि माणूस त्या बाटलीत अडकतो. महिनोन्‌महिने घालत असशील तर लाजू नकोस, डॉक्टरांना सांग, ते सोडवतात. सर्दीच्या गोळ्यांवर फिनाइलएफ्रिन लिहिलेलं असेल तर त्यावरही भिस्त ठेवू नकोस. तोंडाने घेतलेल्या या औषधाने चोंदलेलं नाक मोकळं होत नाही, असं मत अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये दिलंय.

खोलीकडेही बघ. उशीचे अभ्रे, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धू, उशी-गादीला ऊन दाखव. पावसाळ्यात कपाटामागे बुरशी धरते, ती पूस. झोपायच्या खोलीत उदबत्ती आणि डासांची कॉइल नको, मच्छरदाणी लाव. उशांचा ढीग रचून मान मोडू नकोस. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली पक्के ठोकळे देऊन ती बाजू चार-सहा इंच उंच कर.

एवढं करूनही आवाज येईल, तेव्हा काय? खोली जितकी शांत तितका नाकाचा आवाज मोठा. पंखा चालू ठेव किंवा पावसाचं रेकॉर्डिंग हळू आवाजात लाव. घड्याळ पाहू नकोस. “आता वाजेल, आता वाजेल” असा कान देऊन बसलं की मेंदू आणखी जागा होतो. बराच वेळ डोळा लागला नाही तर उठून मंद दिव्यात काहीतरी साधं वाच, पेंग आली की परत ये. त्या वेळी नाक शिंकरत, थेंब घालत बसू नकोस. शिंकरण्याच्या जोराने अस्तर आणखी चिडतं.

पण अंगावर काढायची एक हद्द असते. दहा दिवसांत उतार नसेल, बरं वाटून पुन्हा बिघडलं, सतत एकाच बाजूने चोंदत असेल, तिथून रक्त किंवा दुर्गंधी येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. दुर्गंधीचं मूळ कधी वरच्या दाढेतही निघतं. घोरता घोरता श्वास अडकतो असं शेजारी झोपणारा सांगत असेल, कानात नाडीच्या ठेक्यावर आवाज येत असेल, तरीही दाखव. आणि डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, मान आखडून जबर डोकेदुखी किंवा अचानक ऐकू न येणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री हॉस्पिटल गाठ. मधुमेह असलेल्यांनी तर फारच सावध राहावं. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिस या नाक-सायनसमधल्या बुरशीच्या आजाराने आपल्याकडे किती घरं हादरली, ते आपण पाहिलंय.

तर आज रात्रीच्या जेवणाआधी पाणी उकळून निवत ठेव. दोन आठवडे नेमाने कर आणि मग मला फोन कर. फरक नसेल तर डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर.