कागद सापडला, आता आईशी बोल

ये, बस इथे. रडायचं असेल तर रडून घे, मला कसलीही घाई नाही.

डोमिसाईलच्या दाखल्यासाठी कागद शोधायला कपाटातली जुनी फाइल काढलीस आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्सखालून न्यायालयाचा दत्तक आदेश निघाला. गोल शिक्का, आईबाबांची नावं, आणि चार महिन्यांची तू. सतरा वर्षांची झाल्यावर हे असं कळावं, याचा राग येणारच. आईबाबांनी हे लपवायला नको होतं. चार-पाच वर्षांची असल्यापासून गोष्टीसारखं सांगत गेले असते, तर आज तो कागद तुला नुसता कागद वाटला असता. पण त्यांना भीती वाटली असणार. गावात कुणीतरी ‘पोसलेली’ म्हणेल आणि तू शाळेतून रडत येशील. किंवा मोठी होशील आणि दूर जाशील. भीतीपोटी लपवलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. पण तुझ्यात काही कमी होतं म्हणूनही लपवलेलं नाही गं.

‘मला टाकून दिलं का?’ हा प्रश्न तुला रात्रभर छळतोय ना? आदेश पुन्हा नीट वाच. तुझ्या जन्मदात्या आईने तुला बालकल्याण समितीकडे सोपवलं, असं त्यात लिहिलंय. म्हणजे तुझ्यासाठी ती समितीपुढे गेली, सही केली. त्यानंतर विचार बदलायला कायदा साठ दिवस देतो. ते उलटल्याशिवाय बाळ कुणालाच दत्तक देता येत नाही. ती परत का आली नाही, हे आज तुला-मला सांगता येणार नाही. कदाचित तिचं लग्न झालं नसेल, आणि लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरीचं आपल्याकडे काय होतं, ते तू डोळ्यांनी पाहतेस.

अशाच अडचणीत सापडलेल्या विधवांसाठी जोतिराव-सावित्रीबाई फुल्यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं. काशीबाई नावाची विधवा तिथे बाळंत झाली आणि तिचा मुलगा या दोघांनी दत्तक घेतला. तो यशवंत. जोतिराव गेले आणि अंत्यविधीच्या यशवंतच्या हक्कावर भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. पुढे तो डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगमध्ये दोघं मायलेक रोग्यांसाठी राबले. मायलेकच म्हणते मी, दुसरं काय म्हणणार? तुझंही तसंच आहे. कायद्याने तू या घरची मुलगी आहेस, पोटच्या मुलीइतकीच. शेतात, घरात तुझा हक्क तोच.

आता बोलायचं कसं? रोवणीचे दिवस आहेत. आई सकाळपासून बांधीत वाकलेली असते, घरात मजुरांचा राबता, ओसरीवर आजी. अशात विषय काढू नकोस. भांडणात तर मुळीच नको, ‘तू माझी खरी आई नाहीस’ हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की परत घेता येत नाही. रात्री जेवणं उरकली, आजी निजली, की कागद आईपुढे ठेव आणि म्हण, ‘मला हे सापडलं, मला सगळं ऐकायचंय.’ ती रडेल. रडू दे. लगेच तिची समजूत घालायला लागू नकोस, तुला विचारायचंय ते विचार. बाबा कदाचित अंगणात निघून जातील. त्यांना एक-दोन दिवस दे.

मुळाचा शोध घ्यावासा वाटला तर तो तुझा हक्क आहे. अठरा पूर्ण झाल्यावर तू एकटीने अर्ज करू शकतेस, त्याआधी आईबाबांसोबत. तू कुठून आलीस, कोणत्या परिस्थितीत आलीस, हे दत्तक देणाऱ्या संस्थेने सांगायचं असतं. जन्मदात्रीने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर मात्र तिच्या संमतीशिवाय ते मिळत नाही, आणि मला हे योग्य वाटतं. कदाचित आज तिचंही घर असेल, लेकरं असतील. पुण्याहून 1973 साली जर्मनीत दत्तक गेलेला अरुण डोहले विशीत आईला शोधायला लागला. कागद बघायला मिळावेत म्हणून कोर्टकचेऱ्या केल्या, तेव्हा 2010 मध्ये आई भेटली. इतका वेळ लागू शकतो, हे मनाशी धरूनच सुरुवात कर. फेसबुकवर स्वतःचा फोटो आणि जन्मतारीख टाकून शोधू नकोस, फसवणारे तिथेच टपलेले असतात. अर्ज करायचा झाला तर भंडाऱ्याला जिल्हा बाल संरक्षण कक्षात मी येईन तुझ्यासोबत.

तोवर आदेशाचा क्रमांक, तारीख आणि संस्थेचं नाव वहीत उतरवून घे, मूळ कागद फाइलीत जिथे होता तिथे ठेव. आणि डोमिसाईलचा अर्ज या रडारडीत राहायला नको. तो उद्याच भरू.