न आटणारा लोटा

जादूगाराच्या खेळातला पाण्याचा लोटा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. जादूगार तो पालथा करून रिकामा करतो आणि मेजावर ठेवतो. मग पत्त्यांचा एखादा खेळ होतो. तेवढ्यात त्याला लोट्याची आठवण येते. उचलून ओततो, तर पुन्हा पाणी! असे पाच-सहा वेळा घडते. पी. सी. सरकार (१९१३-१९७१) यांच्या कार्यक्रमात हा लोटा असाच अधूनमधून डोकावत असे. परदेशी जादूगार त्याला ‘वॉटर ऑफ इंडिया’ म्हणतात.

लोट्याला दोन भिंती असतात. मधल्या पोकळीत पाणी दडलेले असते. पोकळीला तळाशी आत उघडणारे एक छिद्र असते आणि वर, काठाखाली, बाहेर उघडणारे दुसरे. ओतताना जादूगाराचे बोट वरच्या छिद्रावर असते. पोकळीत हवा शिरत नाही, म्हणून तिच्यातले पाणी बाहेर पडत नाही. लोटा खाली ठेवून बोट काढले, की हवा आत जाते आणि दडलेले पाणी तळच्या छिद्रातून आतल्या भांड्यात उतरते. जागा रिकामी करायला पाणी तयार असते. पण ती भरून काढायला हवा हवी!

पटत नसेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ खिळ्याने बारीक छिद्र पाडा. ते बोटाने दाबून बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि मग बोट काढा. धार लागत नाही. झाकण सैल केले, की लागते. वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतो; तेव्हा वीतभर बाटलीची काय कथा?

ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने हवेच्या यंत्रांवर ग्रंथ लिहिला. एकाच सुरईतून कधी पाणी तर कधी मद्य ओतणारी भांडी त्याने त्यात वर्णिली आहेत. तिथेही हवेची भोके आणि त्यांवरची बोटे हेच गुपित.

पॅरिसचा जादूगार रॉबेर-ऊदँ (१८०५-१८७१) हा मुळात घड्याळजी. १८४७ साली त्याने ‘न संपणारी बाटली’ रंगमंचावर आणली. प्रेक्षकांनी मद्याचे नाव घ्यावे आणि त्याच बाटलीतून ते मिळावे! अशा बाटल्या पत्र्याच्या असत. आत पाच कप्पे, बाहेर पाच बोटांखाली पाच भोके. ज्या कप्प्याचे बोट उचलावे, ते पेय वाहे. पण पाच कप्प्यांत पंचवीस पेये कशी मावणार? त्यासाठी काही पेल्यांच्या तळाशी अर्काचे थेंब आधीच टाकलेले असत. पेलेही इवलेसे आणि जाड काचेचे, म्हणजे थोडक्यात भरणारे. मला तर बाटलीपेक्षा हा पेल्यांचा विचारच अधिक हुशारीचा वाटतो. पुढे १९३०-४० च्या दशकांत अमेरिकेत चार्ल्स हॉफमन याने ‘मनात आणाल ते पेय’ म्हणून याच खेळावर नाव कमावले.

रॉबेर-ऊदँला १८५६ साली फ्रेंच सरकारने अल्जीरियाला पाठवले. तिथले काही धर्मगुरू चमत्कार दाखवून लोकांना सरकारविरुद्ध उठवतात, तेव्हा त्यांच्यावर मात करणारा जादूगार हवा, असा त्यामागे हेतू होता. मुसलमान प्रेक्षकांपुढे मद्य कसे चालणार? तिथे त्याने कॉफी काढून दाखवली. परक्या राज्यकर्त्यांचा हा डाव होता, हे विसरता येत नाही.

आता पेल्यातल्या थेंबांकडे वळू. वसमतच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी लांब जायला नको. हळद तर घरचीच! चिमूटभर हळद पाण्यात कालवून ते पाणी पेल्यात घ्या. दुसऱ्या पेल्याच्या तळाशी चुन्याच्या निवळीचे थोडे थेंब ठेवा. ते दुरून दिसणार नाहीत. हळदीचे पाणी त्यात ओतताच लालसर होईल. लिंबू पिळा, पुन्हा पिवळे. हळदीतले कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्ल आणि अल्कली ओळखते. हळदीपासून कुंकू करतात तेही याच गुणाच्या जोरावर. (हे पाणी प्यायचे नाही आणि चुना डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. निवळी शिक्षकांनीच करून द्यावी.)

पण हाच पेला कोणी ‘करणी उतरली’ म्हणून दाखवला आणि दक्षिणा मागितली तर? महाराष्ट्रात २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे आणि पैसे मिळवणे हा त्यानुसार गुन्हा आहे. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. रंगमंचावर करमणूक करणाऱ्या जादूगाराला मात्र कायद्याची अडचण नाही. तो हातचलाखी करतो, आणि ती हातचलाखी आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असते.

जाता जाता एक प्रश्न. लोट्यातून दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा कमी पाणी येते, तिसऱ्या खेपेला त्याहून कमी. असे का होत असेल? दोन भिंतींच्या लोट्याचे उभ्या छेदाचे चित्र काढा आणि दर खेपेला आतली व पोकळीतली पाण्याची पातळी कुठे थांबेल ते त्यात दाखवा.