आकडे आणि राज्यशास्त्राचा अभ्यास

मतदानाच्या आकड्यांचा अभ्यास आता महानगरांतील विद्यापीठांपुरता मर्यादित राहिलेला नाही. ‘आर’ ही सांख्यिकीची संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. निवडणूक आयोगाचे अहवालही संकेतस्थळावर सर्वांस खुले आहेत. संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल येथील विद्यार्थीही आपल्या जळगाव जामोद विधानसभा मतदारसंघाचा तक्ता त्यांच्या आधारे तयार करू शकेल.

मात्र एक दक्षता आवश्यक आहे. २००८ च्या पुनर्रचनेत राज्यातील मतदारसंघांच्या सीमा बदलल्या. त्यामुळे २००४ व २००९ चे आकडे शेजारी मांडून मतदान वाढले वा घटले, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. संगणक बेरीज अचूक करील. परंतु गावे तीच आहेत काय, हे विचारणार नाही. ती सवय शिक्षकांनीच विद्यार्थ्यांस लावावयास हवी.