पाठीतलं पाणी काढल्याने मुलाचे पाय जातात का?

प्रश्न : टोकावड्याजवळच्या पाड्यावर आमचं घर आहे. धाकट्या दिराच्या सव्वा वर्षाच्या मुलाला ताप होता. मग आकडी आली आणि नंतर ते नीट शुद्धीवर येईना. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी ‘पाठीतलं पाणी काढून तपासायचंय’ म्हणून सही मागितली. सासऱ्यांनी फोनवर बजावलं, सही करू नका, पाय लुळे पडतात. शेवटी जावेने धीर करून सही केली. मूल आता बरं आहे, पण घरात वाद अजून चालू आहे. लोक म्हणतात ते खरं आहे का? आणि हे आपल्या टोकावड्यातच का करत नाहीत?
– एक वाचक, ता. मुरबाड

उत्तर : आधी सरळ सांगतो. योग्य जागी, योग्य तपासणी करून पाणी काढलं तर त्याने मुलाचे पाय जात नाहीत. तुमच्या जावेने केलेली सही बरोबर होती.

तरी ही समजूत गावोगावी आहे, आणि तिला कारणही आहे. साध्या सर्दी-तापाच्या मुलाच्या पाठीतलं पाणी कोणी काढत नाही. मेंदूच्या आवरणाला सूज आली असावी, म्हणजे मेंदूज्वर असावा, अशी शंका आली तरच डॉक्टर ही तपासणी सांगतात. या आजारात मूल दगावू शकतं, ऐकू येणं जाऊ शकतं, एक बाजू अधू होऊ शकते, पुढे आकड्या राहू शकतात. म्हणजे सुई टोचली जाते ती आधीच धोक्यात असलेल्या मुलाला. सुई सगळ्यांनी पाहिलेली असते, आत वाढणारी सूज कोणालाच दिसत नाही. पुढे काही वाईट झालं की दोष सुईवर येतो. मग पुढच्या घरातले लोक सहीला नकार देतात किंवा दोन दिवस उशीर करतात, त्यामुळे आणखी एखादं मूल अधू होतं आणि समजूत आणखी पक्की होते.

सुई नेमकी कुठे जाते?

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती एक नितळ, बिनरंगी पाणी सतत तयार होत असतं आणि मुरत असतं. मोठ्या माणसात ते दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतं. तपासणीसाठी मुलाच्या पाठीतून काढतात ते २ ते ४ मिलीलिटर, म्हणजे औषधाच्या ५ मिलीच्या चमच्याहूनही कमी. ते काही तासांत भरून निघतं. ‘मेंदूचं पाणी आटलं’ असं काही होत नाही.

सासऱ्यांची भीती मज्जारज्जूची आहे. पण मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या तळापर्यंत जातच नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, नवजात बाळात तिसऱ्याच्या आसपास. म्हणून डॉक्टर कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा चाचपून जागा ठरवतात आणि तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीतून सुई घालतात. तिथे फक्त नसांचे सुटे धागे पाण्यात असतात. आवणीच्या वेळी रोप पाण्यात खळबळलं की मुळं जशी मोकळी होतात तसे, आणि सुई आली की ते बहुधा बाजूला सरकतात. सिझेरियनच्या वेळी बाईला कमरेत भुलीचं इंजेक्शन देतात ते याच भागात. तुमच्या ओळखीत अशा कितीतरी जणी असतील आणि त्या शेतावर चालत जात असतील.

ही रीत नवीही नाही. जर्मनीतल्या कील शहरातले डॉक्टर हाइनरिश क्विंक यांनी १८९१ मध्ये ती मांडली आणि त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत लहान मुलंच होती.

मुलाला मुटकुळं करून का धरतात?

हे पाहून आईचा जीव सर्वात जास्त कासावीस होतो. मूल कुशीवर, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीकडे, असं नर्स घट्ट धरते. पाठ वाकली की मणक्यांमधली फट उघडते. मूल हललं नाही तर काम पहिल्याच प्रयत्नात होतं, म्हणून ते धरणं जितकं पक्कं तितका त्रास कमी. त्याचा श्वास नीट चालतोय याकडे लक्ष असतं. जागा बधिर करायला मलम किंवा छोटं इंजेक्शन देतात, मोठ्या मुलाला कधी गुंगीचं औषध. तयारीसकट अर्धा तास धरा, प्रत्यक्ष सुई आत असते ती काही मिनिटंच. कधी दुसऱ्यांदा टोचावं लागतं, कधी बारीक शीर दुखावून पाण्यात थोडं रक्त येतं. त्याने अहवाल वाचणं जरा अवघड होतं, पण मुलाला इजा झाली असा त्याचा अर्थ नाही.

कधी करत नाहीत?

हेही माहीत हवं, कारण धोका शून्य नाही. डोक्यातला दाब खूप वाढल्याची लक्षणं असतील, शरीराची एक बाजू चालत नसेल, तर आधी सीटी स्कॅन करतात. रक्तातल्या प्लेटलेट फार कमी असतील, टोचायच्या जागी गळू किंवा जखम असेल, किंवा मूल श्वासासाठी झगडत असेल, तर पाणी काढणं पुढे ढकलतात. मात्र औषध तपासणीसाठी थांबत नाही. मेंदूज्वराची दाट शंका असेल तर अँटिबायोटिक लगेच सुरू होतं.

आणि तापात आकडी आलेल्या प्रत्येक मुलाला ही तपासणी लागत नाही. ६ महिने ते ५ वर्षं या वयात तापाची साधी आकडी येते. ती १५ मिनिटांच्या आत थांबते, २४ तासांत पुन्हा येत नाही आणि त्यानंतर मूल थोड्या वेळात ओळख दाखवू लागतं. तुमच्या पुतण्याचं तसं झालं नाही, म्हणून डॉक्टरांना शंका आली.

पाण्यातून काय कळतं?

पाणी गढूळ असेल तर डोळ्यांनाच कळतं. पेशी, प्रथिनं आणि साखर यांचा अहवाल त्याच दिवशी येऊ शकतो. त्यावरून जंतूंचा मेंदूज्वर, विषाणूंचा की क्षयाचा, याचा अंदाज बांधता येतो. जंतू वाढवून पाहायला दोन-तीन दिवस लागतात. हा फरक फार मोलाचा आहे. जंतूंच्या मेंदूज्वराला साधारण एक ते तीन आठवडे शिरेतून औषध चालतं, तर क्षयाच्या मेंदूज्वराला वर्षभराच्या आसपास. अंदाजाने औषध दिलं आणि तो चुकला, तर हातचे दिवस जातात.

आई-बापांनी डॉक्टरांना काय सांगावं, काय विचारावं?

एक : आधी गावात कोणतं इंजेक्शन किंवा औषध दिलं ते लपवू नका. अँटिबायोटिक आधीच गेलं असेल तर पाण्यात जंतू वाढत नाहीत आणि अहवाल फसवा येऊ शकतो. चिठ्ठी, बाटली, रिकामं पाकीट सोबत न्या. दोन : घरात किंवा शेजारी कोणाला क्षय असेल, जुना खोकला असेल, तर सांगा. तीन : लसीकरणाचं कार्ड न्या. चार : ‘कशाची शंका आहे, आणि हे केलं नाही तर काय?’ असं जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पाच : आई किंवा वडील, दोघांपैकी हजर असेल त्याची सही पुरते. गावाकडून होकार येईपर्यंत थांबू नका.

नंतर थोडा वेळ मुलाला आडवं ठेवतात. तान्ह्याला अंगावर पाजता येतं, मात्र डॉक्टरांना विचारून. मोठ्या मुलाचं डोकं दुखू शकतं. बसल्यावर वाढतं, आडवं पडल्यावर कमी होतं आणि बहुधा काही दिवसांत जातं. पण टोचलेल्या जागेतून पाणी झिरपू लागलं, ती जागा सुजली, पायात ताकद कमी वाटली, लघवी अडली किंवा मूल पुन्हा झोपाळू झालं, तर लगेच दाखवा.

टोकावड्यात का नाही?

सुई टोचणं हा या कामाचा छोटा भाग. काढलेलं पाणी लवकर प्रयोगशाळेत पोचावं लागतं, बालरोगतज्ज्ञ हवा, अतिदक्षता विभाग जवळ हवा, वेळ पडल्यास सीटी स्कॅन. ग्रामीण रुग्णालयात हे सगळं एकत्र मिळणं कठीण. म्हणून मुरबाड-कल्याणच्या रस्त्याने उल्हासनगर, ठाणे किंवा मुंबईकडे पाठवतात. तरीही आधी टोकावड्याच्या रुग्णालयातच न्या. आकडी थांबवणं, प्राणवायू, अँटिबायोटिकचा पहिला डोस, हे पहिले उपचार वाटेला लागण्याआधी होऊ शकतात. तिथून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

घरी आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. ताप असताना मान ताठ होणं, सतत उलट्या, हाक मारून न उठणं, तान्ह्याची टाळू फुगणं, दूध सोडून चिरक्या आवाजात रडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. तान्ह्या बाळात मान ताठ होतेच असं नाही. दोन-तीन आठवडे बारीक ताप, वजन घटणं, चिडचिड आणि मग उलट्या, असं असेल तर क्षयाचा मेंदूज्वर मनात आणायला हवा.

ही तपासणी करायची वेळच कमी मुलांवर येईल याची सोयही आहे, तीही फुकट. जन्मताच बीसीजी, ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट, ६ आणि १४ आठवड्यांना आणि ९ महिन्यांना न्यूमोकोकलची लस, ९ महिन्यांना आणि नंतर १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेला. मेंदूज्वराच्या मोठ्या कारणांपैकी बरीचशी या लसी अडवतात. पुतण्याचं कार्ड काढा. सव्वा वर्षाच्या मुलाचे पहिले सगळे डोस झालेले असायला हवेत. एखादा राहिला असेल तर आशाताईला सांगून पुढच्या लसीकरणाच्या दिवशी घेऊन जा, उशिरा घेतलेली लसही कामाची असते.