ठासणीच्या बंदुकीची साफसफाई

कोकणात भातशेतीच्या राखणीसाठी पुष्कळ शेतकऱ्यांजवळ परवान्याची ठासणीची बंदूक असते. पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आहे. (त्यायोगे शिकारीची मुभा मिळत नाही, ती बाब १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली येते.) रात्री भरलेली बंदूक, डुक्कर न आल्यास, तशीच घरी येते व सकाळी तीच पुसावयास घेतली जाते.

काडतुसाची बंदूक मोडून आत पाहता येते; ठासणीच्या बंदुकीत तसे पाहता येत नाही. सावंतवाडीच्या बाजूस एका वाडीत "साहेब, रिकामीच आहे" असे सांगून बंदूक माझ्यापुढे ठेवण्यात आली. गज घालून पाहिला तो चार बोटे वरच अडला. दारू व छरे आतच होते, आणि ओटीवर मुले बसली होती.

म्हणून प्रथम नळीचे तोंड मोकळ्या जागेकडे ठेवून, घोडा अंगठ्याने धरून अर्धा चढवावा व टोपी काढून दूर ठेवावी. चापाला बोट लावू नये. बंदूक निश्चित रिकामी असताना गज तळापर्यंत घालून, नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करून ठेवलेली असावी. पुढे दर वेळी ती खूण तोंडाशी येते की नाही हे पाहावे. गज घालताना तोंड वा छाती नळीसमोर येऊ देऊ नये. खूण वर राहिली तर बंदूक भरलेली समजावी. मग नळीत पाणी ओतावे; परंतु दारू पूर्ण भिजलीच असे धरून चालू नये. आतील ठासण ओढून काढणे हे परवानाधारक कारागिराचे काम आहे.

बार काढलेली बंदूक त्याच दिवशी धुवावी. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषते व नळीस गंज चढतो. पावसाळ्यात तर एका रात्रीत. कढत पाण्याने धुऊन, कोरड्या चिंध्या काळ्या येईनाशा होईपर्यंत फिरवाव्यात व तेलाचा पातळ हात द्यावा. दारूचा डबा दुसऱ्या खोलीत असावा. विडी व चूलही दूर असावी. निपल झिजले असल्यास घरी कानस लावू नये, कारागिराकडून बदलून घ्यावे.