गुठळी आपल्याच बाजूची असते

जुलै ते ऑक्टोबर हे माझ्या संशोधनाचे महिने. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात माझी नोकरी झाली. पावसाळा लागला की मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोच्या रुग्णांच्या नळ्या रांगेने टेबलावर येत. तापाच्या आजारात कुणाचं रक्त हिरड्यांतून थांबत नाही, तर कुणाचं शिरेतच गोठून बसतं. असं का होतं, या एकाच प्रश्नामागे मी राहिले. या वाटेला लागू पाहणारी मुलं अजून भेटायला येतात. त्यांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगते, ते इथे एकत्र लिहिते आहे.

१. गुठळीला आधी शत्रू म्हणू नका.

एमबीबीएसला रक्त गोठणं पहिल्या वर्षी फिजिऑलॉजीत येतं आणि जंतू दुसऱ्या वर्षी मायक्रोबायोलॉजीत. दोन विषय, दोन पुस्तकं, दोन परीक्षा. त्यामुळे हे दोन्ही मुळात एकाच घरातले आहेत, हे कळायला फार उशीर होतो. ते कळावं म्हणून मी विद्यार्थ्यांना हॉर्सशू क्रॅबची गोष्ट सांगते. १९५६ साली फ्रेडरिक बँग यांनी या प्राण्याला जिवाणू टोचले, तेव्हा त्याचं रक्त अंगातच गोठलं. पुढे जॅक लेविन यांच्यासोबत काम करताना उलगडलं की त्यासाठी जिवंत जिवाणूही लागत नाही, त्याच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन पुरतं. त्या प्राण्याच्या रक्तात जंतूशी लढणं आणि गोठणं ही दोन्ही कामं एकच पेशी करते. घुसखोराभोवती गुठळी धरायची आणि त्याला तिथेच अडकवायचं, ही तिची लढाई. त्यातूनच निघालेली चाचणी पुढे इंजेक्शनं आणि लसी एंडोटॉक्सिनमुक्त आहेत की नाहीत हे तपासायला जगभर वापरली गेली.

माणसात ही कामं वेगवेगळ्या पेशींत वाटली गेली, पण नातं तुटलं नाही. न्यूट्रोफिल पेशी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्यात जंतू अडकतात, हे २००४ साली दिसलं. त्याच धाग्यांवर प्लेटलेट्स चिकटतात आणि गुठळी धरते. २०१३ मध्ये या सगळ्याला ‘इम्युनोथ्रॉम्बोसिस’ हे नाव मिळालं. मला त्या नावाचा आनंद झाला, कारण तोवर काचपट्टीवर दिसणारी गोष्ट कुठल्या खणात ठेवायची हेच ठरत नव्हतं. सूक्ष्म गुठळी ही शरीराची तटबंदी आहे. ती अंगभर पसरली, प्लेटलेट्स आणि फायब्रिनोजेन संपवून बसली, की तिचा डीआयसी होतो आणि ज्याचं रक्त गोठत होतं तोच रुग्ण रक्तस्रावाने जातो. संशोधनाचा प्रश्न म्हणूनच ‘गुठळी कशी रोखायची’ एवढाच नसतो. ती कुठे, किती आणि कितव्या दिवशी, हे विचारावं लागतं.

२. संशोधन निळ्या टोपणाच्या नळीपासून सुरू होतं.

गोठण्याच्या चाचणीसाठी नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट लागतं, तेही ३.२ टक्क्यांचं. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त पडतं आणि पीटी, एपीटीटी या गोठण्याच्या वेळा खोट्याच लांबतात. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं तर ते पातळ होतं. हेपरिनने धुतलेल्या लाइनमधून घेतलं तर एपीटीटी गोठायचं नावच घेत नाही. पीटीची नळी फ्रिजमध्ये ठेवली तर गारठ्याने सातवा घटक जागा होतो आणि वेळ खोटी कमी दिसते. प्लाझ्मा गोठवून ठेवायचा असेल तर तो दोनदा सेंट्रिफ्यूज करावा लागतो. नाहीतर उरलेल्या प्लेटलेट्स गोठवताना फुटतात आणि पुढची सगळी आकडेवारी बिघडते.

यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते रात्री दोन वाजता, भरलेल्या वॉर्डात, शीर सापडत नसलेल्या रुग्णाचं रक्त घेताना हे सगळं पाळणं. त्यामुळे कुठल्याही प्रकल्पाची पहिली बैठक मी वॉर्डातल्या सिस्टर, रक्त काढणारे टेक्निशियन आणि नळ्या पोहोचवणारे मामा यांच्यासोबत घेत असे. नळी खुणेपर्यंत का भरायची हे एकदा नीट समजावलं की ती माणसं आपल्यापेक्षा जास्त काटेकोर होतात. प्रबंधात आभाराच्या पानावर शेवटी त्यांना एक ओळ मिळते, हे मला कधीच पटलं नाही. त्यातल्या कित्येकांचं नाव लेखकांच्या यादीत असायला हवं.

३. यंत्राने प्लेटलेट्स कमी सांगितल्या की काचपट्टी पाहा. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे काही जणांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. यंत्र तो पुंजका मोजत नाही आणि धडधाकट माणसाचा आकडा वीस हजारांवर येतो. काही वेळा प्लेटलेट्स इतक्या मोठ्या असतात की यंत्र त्यांना लाल पेशी समजतं. काचपट्टीला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं देणं ज्यांना जमत नाही त्यांनी रक्तावर शोधनिबंध लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

४. डेंग्यूत आकड्यामागे धावू नका, रुग्णाकडे पाहा.

आपल्याकडे डेंग्यू म्हणजे ‘पेशी किती?’ एवढाच प्रश्न उरला आहे. नातेवाईक सकाळ-संध्याकाळ विचारतात, डॉक्टर घाबरून प्लेटलेट्स मागवतात, रक्तपेढीसमोर रात्रभर रांग लागते. ही भीती मी जवळून पाहिली आहे आणि तिची मला कणव आहे. कुणाचं मूल तापाने निपचित पडलेलं असतं आणि हातात धरायला फक्त तो आकडाच असतो. पण डेंग्यूत माणूस बहुतेकदा जातो तो रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपल्यामुळे. विषाणूचं एनएस-१ प्रथिन वाहिन्यांचं आतलं अस्तर विस्कटतं, हिमॅटोक्रिट चढतं, रक्तदाब उतरतो. आणि हे घडतं ताप उतरत असताना, म्हणजे घरच्यांना हायसं वाटतं तेव्हा. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, गार पडलेले हातपाय ही लक्षणं आकड्याआधी बोलतात.

सिंगापूर आणि मलेशियातल्या ३७२ प्रौढ रुग्णांवरची चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. प्लेटलेट्स वीस हजार किंवा त्याखाली होत्या, पण रक्तस्राव नव्हता. निम्म्यांना प्लेटलेट्स चढवल्या, निम्म्यांना नाही. चढवल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट त्या गटात दुष्परिणाम जास्त दिसले. हा निबंध मी किती रेसिडेंटना वाचायला दिला असेन! रक्तस्राव होत असेल तर प्लेटलेट्स द्याव्याच लागतात, त्यात दुमत नाही. पण नुसता आकडा सजवायला दिलेली पिशवी दुसऱ्या कुणाच्या वाट्याची असते.

पपईच्या पानांच्या रसाबद्दलही इथेच सांगते. आजार उतरणीला लागला की दोन-तीन दिवसांत प्लेटलेट्स आपणहून वर येतात. त्या दोन-तीन दिवसांत रुग्णाने जे काही घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं. तुलनेचा गट का हवा, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नाही.

५. तर्क कितीही देखणा असला तरी रुग्णांवरची चाचणी त्याला ओलांडून जाते.

सेप्सिसमध्ये शरीराचं स्वतःचं गुठळीरोधक प्रथिन, प्रोटीन सी, कमी पडतं. मग ते बाहेरून द्यावं, हा विचार किती सरळ! २००१ मध्ये मोठ्या चाचणीत मृत्यू कमी झाले, औषधाला मान्यता मिळाली. दहा वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा फायदा दिसला नाही आणि २०११ साली ते बाजारातून गेलं. अँटिथ्रॉम्बिनचंही तसंच झालं. मेंदूच्या मलेरियात एके काळी हेपरिन देत, ते रक्तस्रावाच्या धोक्यामुळे सोडावं लागलं.

कोविडमध्ये तर हे फारच ठळकपणे दिसलं. २०२१ मधल्या मोठ्या चाचण्यांत उपचाराच्या पूर्ण मात्रेतल्या हेपरिनने मध्यम आजारी रुग्णांना फायदा झाला, आयसीयूतल्या अतिगंभीर रुग्णांना झाला नाही. औषध तेच, विषाणू तोच, फक्त आजाराची वेळ वेगळी. तटबंदी कोसळून पडल्यावर तिच्या विटा काढून काय होणार? प्रत्येक नमुन्यावर आजाराचा दिवस लिहायचा माझा हट्ट होता, तो याचसाठी.

६. मृतांकडून शिकायची लाज वाटू देऊ नका.

कोविडच्या पहिल्या वर्षी फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतल्या सूक्ष्म गुठळ्या शवविच्छेदनात दिसल्या. सात जणांच्या फुप्फुसांची इन्फ्लुएंझाने गेलेल्या सात जणांशी तुलना केली, तेव्हा त्या नऊपट आढळल्या. चौदा माणसांच्या फुप्फुसांनी डॉक्टरांच्या विचारांची दिशा पक्की केली. आपल्याकडे रोगनिदानासाठी होणारी शवविच्छेदनं कमी होत चालली आहेत आणि मला त्याचं दुःख आहे. नातेवाईक नाहीच म्हणतील असं गृहीत धरून आपण विचारतच नाही. बसून, शांतपणे, त्यांच्या भाषेत विचारलं तर बरेच जण ऐकून घेतात. संपूर्ण शवविच्छेदन नको असेल तर सुईने अवयवांचे बारीक तुकडे घेण्याची पद्धत आता आहे, तीही पुष्कळ काही सांगते.

७. नळीच्या मागचा माणूस कुठे राहतो, हे विचारा.

रुडॉल्फ फिर्शो यांचं नाव गुठळीच्या प्रत्येक धड्यात येतं. शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात जाते हे त्यांनी मांडलं. हेच फिर्शो १८४८ साली अप्पर सायलेशियात टायफसची साथ पाहायला गेले आणि त्यांनी अहवालात लिहिलं ते गरिबीबद्दल, शिक्षणाबद्दल, लोकांच्या हक्कांबद्दल. गुठळी आणि साथ या दोन्हींना हात घालणारा हा पॅथॉलॉजिस्ट माझ्यासाठी गुरुस्थानी आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टो वाढला. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून चालत जाणं ज्यांना टाळता येत नाही, त्यांचा हा आजार. वेळेवर डॉक्सिसायक्लिन मिळालं तर बऱ्याच जणांचा धोका कमी होतो. पण रोजंदारी बुडवून दवाखान्याच्या रांगेत कोण उभं राहणार, हा प्रश्न लॅबमध्ये सुटत नाही.

लेप्टोचं एक कोडं मात्र लॅबचंच आहे, आणि ते मी पुढच्यांच्या हाती देते. काही रुग्णांत पीटी जवळपास नॉर्मल असतो, प्लेटलेट्सही फार खाली नसतात, तरी फुप्फुसं रक्ताने भरतात. गोठण्याची यंत्रणा जागेवर असताना वाहिनीची भिंत का सुटते? याचं उत्तर हवं असेल तर नमुना दाखल होताक्षणीच घ्या, सलाईन आणि रक्त चढवण्याआधी. सायट्रेटची एक आणि ईडीटीएची एक नळी घ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. नळीवर ताप कधी सुरू झाला ते लिहा, तारखेसकट आणि जमलं तर वेळेसकट. आणि पाण्यात किती वेळ होता, हे रुग्णाला स्वतः जाऊन विचारा.