सेवेतील ‘मी’ कसा विरघळतो?

सेवा करताना एक सूक्ष्म भाव आपल्या मनात नकळत शिरतो : ‘मी देणारा, तो घेणारा.’ हाताने आपण अन्न वाढतो आणि त्याच वेळी आतमध्ये अहंकारही वाढत असतो. हा भाव कसा ओळखावा आणि तो कसा गळून पडतो, हे समजण्यासाठी आज आपण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातील एका चर्चचे उदाहरण पाहू या.

दार उघडणे

या शहराच्या मध्यभागी टेंडरलॉइन नावाची वस्ती आहे. झगमगती बाजारपेठ तिथून पायी काही मिनिटांवर. पण वस्तीत मात्र एकेका खोलीची जुनी हॉटेले, पदपथावर झोपणारी माणसे, व्यसने आणि एकाकीपण. येथेच ग्लाइड मेमोरियल चर्च आहे. १९६३ मध्ये सेसिल विल्यम्स हे कृष्णवर्णीय धर्मगुरू येथे आले, तेव्हा प्रार्थनेला मोजकीच माणसे येत. बाहेरचा रस्ता मात्र दुःखी जीवांनी भरलेला होता.

विल्यम्स यांनी चर्चचे दार सर्वांसाठी उघडले. बेघर, व्यसनी, घरच्यांनी टाकलेली तरुण मुले, समाजाने दूर लोटलेले समलिंगी, सर्वांना आत स्थान मिळाले. जुन्या सभासदांपैकी अनेकांना हे रुचले नाही. ते निघून गेले. १९६७ मध्ये विल्यम्स यांनी प्रार्थनागृहातील क्रूसही उतरवला. भिंतीवरचा क्रूस प्रत्येकाने आपल्या जगण्यात उतरवावा, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्यावर कठोर टीका झाली. त्यांच्या निर्णयाशी सर्वांनी सहमत असावे असे नाही. पण एक गोष्ट आपण लक्षात घेऊ : सेवेचे दार उघडताना काही मान, काही माणसे गमवावी लागतात. ती तयारी आपल्यात आहे का?

एकाच पंगतीत

हळूहळू हे चर्च वस्तीचे भोजनघर झाले. दरवर्षी लाखो जेवणे येथे विनामूल्य वाढली जातात. ताटे भरणे, टेबले पुसणे, भांडी घासणे ही कामे स्वयंसेवक करतात. त्यांत विद्यार्थी असतात, नोकरदार असतात आणि एकेकाळी याच रांगेत उभे राहिलेलेही असतात. १९८०च्या दशकात ख्रिस गार्डनर नावाचे तरुण वडील आपल्या लहान मुलाला घेऊन येथे आश्रयाला आले होते. पुढे ते यशस्वी उद्योजक झाले आणि या कार्याचे साहाय्यक बनले. आज घेणारा हात उद्या देणारा होऊ शकतो. म्हणून कोणाच्याही ताटाकडे दयेने पाहू नये, आदराने पाहावे.

जखमेतून करुणा

विल्यम्स यांच्या पत्नी जॅनिस मिरिकितानी या जपानी वंशाच्या कवयित्री. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कुटुंबाला अमेरिकन सरकारने छावणीत डांबले होते. बालपणी लैंगिक अत्याचारही त्यांनी सोसले. पीडित स्त्रियांसमोर त्या उपदेशक म्हणून उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्यात बसून त्यांनी स्वतःची व्यथा मोकळी केली. सांगणारी आणि ऐकणारी यांतले अंतर तिथे मिटले. ज्याला स्वतःची जखम ठाऊक आहे, तो दुसऱ्याची जखम हळुवारपणे हाताळतो. मिरिकितानी २०२१ मध्ये आणि विल्यम्स २०२४ मध्ये निवर्तले. भोजनघर आजही सुरू आहे.

या आठवड्याचा अभ्यास

१. नाव विचारा. आपल्या गल्लीतील सफाई कामगार, पहारेकरी, दारी येणारी वृद्धा, यांपैकी एकाचे नाव विचारा आणि पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मारा.

२. आधी ऐका. काय द्यायचे हे स्वतः ठरवण्यापूर्वी, ‘तुम्हाला कशाची गरज आहे?’ असे विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.

३. घ्यायलाही शिका. ज्याला आपण मदत करतो, त्याच्या हातचा एक कप चहा प्रेमाने स्वीकारा. त्यालाही देण्याचा आनंद मिळू द्या.

४. रात्री मनाला विचारा. आज सेवा करताना आभाराची अपेक्षा होती का? असल्यास खंत करू नका. फक्त ती पाहा आणि उद्या पुन्हा हात पुढे करा.

सेवेनंतर मन जड न होता हलके झाले, तर समजावे की ‘मी’ थोडासा विरघळला आहे.